आधी मुक्काम, मग किल्ला

दौलताबादचा किल्ला बघायला येणारे बहुतेक जण दुपारपर्यंत खाली उतरतात, हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला सीताफळं घेतात आणि वेरूळकडे निघतात. तसं करायला काहीच हरकत नाही. पण ज्यांना पाट्या आणि रेलिंग सोडून आडवाटेनं फिरायची हौस आहे, त्यांचा मुलूख दौलताबादच्या पुढे उत्तरेला सुरू होतो. कन्नड, सिल्लोड आणि सोयगाव या तीन तालुक्यांत मराठवाड्याचं पठार एकदम तुटतं आणि खाली खानदेश पसरतो. त्या तुटलेल्या कडेवर अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, वैशागड असे किल्ले उभे आहेत. त्यांच्याच आसपास पितळखोरा आणि घटोत्कच ही लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जगभरातून माणसं येतात, पण त्या दोहोंच्या मधल्या या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशीसुद्धा अख्खा किल्ला तुमच्या एकट्याच्या मालकीचा असल्यासारखा मिळतो.

हे एकांताचं सुख मिळतं, पण त्याबरोबर गैरसोयही येते. राजगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जेवण, अंथरूण, वाटाड्या सगळं एका फोनवर ठरतं. इथं तसं नाही. म्हणूनच इथल्या भटकंतीत किल्ल्यांची यादी करण्याआधी मुक्कामाची गावं ठरवावीत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बरेच गट छत्रपती संभाजीनगरात हॉटेल घेतात आणि रोज तिथून जा-ये करायचं ठरवतात. शहरातून कन्नड साधारण साठ किलोमीटर आणि सोयगाव शंभराच्या पुढे. सकाळचा चहा-नाश्ता उरकून निघालेली गाडी पायथ्याला पोचते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, आणि संध्याकाळी परतीच्या धास्तीनं किल्ला अर्धा सोडून उतरावं लागतं. दिवसाचा हिशेब सूर्यास्तापासून उलटा मांडा. अंधार पडायच्या एक तास आधी गाडीपाशी असायचं, हे पक्कं धरा. त्यातून उतरायला, बघायला आणि चढायला लागणारा वेळ वजा करा, म्हणजे आदली रात्र कुठं काढायची ते आपोआप समजतं.

आल्प्समध्ये आखीव उतार सोडून मोकळ्या बर्फावर स्कीइंग करायला जाणारे लोकही असाच विचार करतात. मुक्काम ते पायथ्याशी किंवा डोंगरातल्या झोपड्यांत करतात, कारण सकाळचे थंड तास त्यांना हवे असतात. हिमस्खलनाच्या धोक्याचं एक ते पाच अंकांतलं पत्रक बघितल्याशिवाय ते निघत नाहीत, आणि आकडा वर गेला तर ठरलेला बेत सरळ मोडतात. इथल्या किल्ल्यांसाठी असं पत्रक निघत नाही. आपलं पत्रक म्हणजे हवामान खात्याचा अंदाज आणि पायथ्याच्या गावातल्या माणसाचा शब्द. पण बेत मोडायची तयारी त्यांच्याइतकीच हवी. त्यासाठी दर मुक्कामाला एक सोपा पर्याय हाताशी ठेवा. तो कुठला, ते पुढे येईलच.

हंगामाचं गणित इथं सह्याद्रीपेक्षा वेगळं आहे. पाऊस बेताचा असतो आणि उशिरा रुळतो. जूनमध्ये हिरवाई बघायला आलात तर पदरी धूळ येण्याची शक्यता जास्त. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत डोंगर हिरवेगार असतात, टाकी भरलेली असतात, ओढे वाहते असतात. मात्र त्या दिवसांत कातळ निसरडा असतो आणि गवत कमरेला लागतं, त्यामुळे उघडी टाकी गवतात झाकली जातात. पुढच्या माणसानं हातातली काठी टेकत टेकत चालायचं, ते याचसाठी. पहिल्यांदा येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी निवडावा. वाटा मोकळ्या असतात, हवा गार असते, लांबवरचं दिसतं. गवत वाळलेलं असल्यानं कुसळं मात्र मोज्यांत शिरून हैराण करतात, तेव्हा जाड कापडाची पूर्ण पँट घाला. मार्चनंतर येऊ नका. झाडांची पानं गळलेली, कातळ तापलेला आणि टाक्यांत पाणी आटलेलं, अशा वेळी वाट चुकणं जिवावर बेतू शकतं.

आता यायचं कसं ते बघू. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सोयीची, ती पहाटे संभाजीनगरला सोडते आणि पूर्ण दिवस हाती लागतो. दौलताबादला रेल्वे स्टेशन आहे, पण मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे संभाजीनगरलाच उतरा. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे रस्ता बरा. नागपूरकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा फार उपयोग होतो, कारण माळीवाड्याला उतरलं की दौलताबाद हाकेच्या अंतरावर आहे. मोटारसायकलवरून येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. त्यांनी जुन्याच रस्त्यांचा हिशेब धरावा. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे एसटी मिळते आणि जवळच काळ्या-पिवळ्या जीपही भरतात. कन्नड आणि सिल्लोडपर्यंत एसटीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. तिथून पुढे पायथ्याच्या गावांना जाणाऱ्या गाड्या दिवसातून थोड्याच असतात आणि त्यांच्या वेळा शाळा आणि बाजार बघून असतात, आपल्या सोयीनं नसतात. सहा-सात जणांचा गट असेल तर दोन-तीन दिवसांसाठी चालकासह क्रूझर ठरवणं सगळ्यांत शहाणपणाचं. चालक कन्नड किंवा सिल्लोड भागातला मिळाला तर त्याच्या ओळखीचा उपयोग वाहनापेक्षा जास्त होतो. भाडं ठरवताना घाटरस्ता, रात्रीचा थांबा आणि त्याचं जेवण हे तीन मुद्दे आधीच बोलून घ्या.

तारखा ठरवताना जत्रांकडे लक्ष द्या. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला प्रचंड संख्येनं लोक पायी जातात आणि दौलताबादचा रस्ता वाहनांना जवळपास बंद होतो. श्रावणातले शनिवार भद्रा मारुतीचे आणि सोमवार घृष्णेश्वराचे. त्या दिवशी खुलताबाद-वेरूळला खोली मिळणं कठीण. दौलताबादच्या पुढे रस्ता जुन्या तटबंदीच्या अरुंद दिल्ली दरवाज्यातून जातो, तिथं एरवीही वाहनं अडकून पडतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. वेळापत्रकात हे दोन वार आधीच लाल रंगानं खुणावून ठेवा.

पहिला दिवस दौलताबादलाच द्या. आडवाटेचे किल्ले बघायला आलेली मंडळी हा किल्ला पर्यटकांचा म्हणून टाळतात, ते मला पटत नाही. पुढच्या सगळ्या किल्ल्यांवर जे काही तुटक, पडकं, गवतात बुडालेलं दिसणार आहे, ते इथं धडधाकट अवस्थेत दिसतं. यादव राजा भिल्लम पाचवा याची ही देवगिरी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं इथं आणलेली राजधानी, मग बहमनी, निजामशाही, मुघल. प्रत्येकानं बांधकामात भर घातली. १४४५ चा चांद मिनार आणि चिनी महाल बघून पुढे गेलात की मेंढा तोफेच्या बुरुजावर जरा थांबा आणि मधल्या डोंगराकडे बघा. त्याच्या कडा खालून सरळ तासून काढल्या आहेत, भिंतीवर पालसुद्धा चढू नये इतक्या. भोवती कातळात खोदलेला खंदक आहे. डोंगराला बाकीच्या भूमीपासून तोडून वेगळं करायचं आणि आत येण्याची एकच चिंचोळी जागा ठेवायची, ही युक्ती पुढे सुतोंड्याला लहान रूपात पुन्हा भेटते. इथं ती नीट बघितली असेल तर तिथं सांगावी लागत नाही.

अंधारीत, म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरताना प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च हवा. मोबाईलचा उजेड पुरत नाही आणि एक हात अडकतो. आत पायऱ्यांची उंची सारखी नाही, वळणं अचानक येतात आणि वटवाघळांच्या विष्ठेनं दगड बुळबुळीत झालेला असतो. मध्येच एका बाजूला उजेड दिसतो आणि माणूस आपसूक तिकडे वळतो. शत्रूनं तिकडेच वळावं आणि खाली खंदकात कोसळावं, अशीच ती रचना. वर बारादरीपर्यंत जाऊन परत यायला आरामात तीन तास धरा. किल्ला उघडतो त्या वेळेला चढायला सुरुवात केली तर सावलीत चढ संपतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. गटातल्या कुणाचा दम कुठं तुटतो, कोण उंचीला बिचकतो, कुणाचा बूट घसरतो, हे सगळं इथं कळतं, तेही मदत जवळ असताना. या दिवशी ज्याला त्रास झाला त्याला पुढच्या अवघड किल्ल्यावर नेऊ नये. गटप्रमुखानं हे स्पष्ट सांगण्यात संकोच करू नये. संध्याकाळी वेळ उरलाच तर शरणापूरजवळचा भांगसीमाता गड करता येतो. टेकडीएवढा डोंगर आणि कातळात खोदलेलं देवीचं ठाणं, तासाभरात होतं.

त्या रात्रीचा मुक्काम शहरात नको. खुलताबाद किंवा वेरूळला राहा. तिथं देवस्थानांचे भक्तनिवास आहेत, छोटी हॉटेलं आहेत. भक्तनिवासात राहणार असाल तर फोन करून विचारा, ओळखपत्रं सोबत ठेवा, आणि मांसाहार-मद्याचा विषयच काढू नका. शहरातला नान-खलिया खायचा असेल तर तो पहाटे उतरल्यावर नाही, परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा. जड जेवण करून चढायचं म्हणजे स्वतःचेच हाल. गारव्यात राहायचं असेल तर खुलताबादहून वर म्हैसमाळही जवळ आहे. पावसाळ्यात तिथलं धुकं छान असतं, मात्र सकाळी खाली उतरायला त्याच धुक्यामुळे उशीर होतो.

दुसरा मुक्काम कन्नडला. इथं साध्या लॉज आहेत, बाजार आहे, पेट्रोल पंप आणि एटीएम आहेत. पुढच्या दोन दिवसांचा शिधा, रोख पैसे, डिझेल हे सगळं इथंच पुरं करा. पायथ्याच्या वाड्या-तांड्यांवर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि रेंज नाही म्हणजे यूपीआयही नाही. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा खिशात हव्यात.

कन्नडहून दोन गोष्टी करायच्या. पितळखोरा हा मघाशी म्हटलेला सोपा पर्याय. पायऱ्या उतरून दरीत जायचं आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतकी जुनी बौद्ध लेणी बघायची. दगड ठिसूळ, बराच भाग ढासळलेला, पण खांबांवरची चित्रं अजून डोळे भरून बघावीत अशी आहेत. हवा बिघडली, कुणी आजारी पडलं, तर अंतूर सोडून दिवस इथं घालवा. पावसाळ्यात मात्र लेण्यांसमोरच्या ओढ्याला पाणी वाढत असेल तर पलीकडे जाऊ नका.

अंतूर हा या भागातला सगळ्यांत रुबाबदार किल्ला. नागापूरकडून वाट आहे. पुढचा कच्चा रस्ता पावसाळ्यात कोणत्या गाडीला झेपेल, हे नागापुरातच विचारायचं. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातला एक दगड उभा आहे. कोणती वाट कोणत्या गावाला जाते, हे त्यावर फारसीत कोरलंय. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी या आडरानात वाटसरूसाठी कुणीतरी पाटी लावली होती, हे बघून मला या मुलखाबद्दल विलक्षण माया वाटते. किल्ल्यावर एकामागून एक दरवाजे, शिलालेख, तलाव, पडके वाडे असा मोठा पसारा आहे. पूर्ण बघायला अर्धा दिवस लागतो.

हा सगळा टापू गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या आसपासचा. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं येऊन पोचला होता. अभयारण्यात शिरताना नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. किल्ल्यावर तंबू ठोकून रात्र काढायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो आवरा. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय शेकोटीची एक ठिणगी वाळक्या गवतात पडली तर अख्खा डोंगर पेटतो. गावातल्या देवळाची ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगा, नावं-नंबर लिहून द्या आणि सकाळी जागा झाडून निघा.

गावात वाट कशी विचारायची, हेही शिकण्यासारखं आहे. "दादा, किल्ला किती लांब?" असं विचारलं की "हे काय, इथंच" असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं, कारण ते रोज चालतात. त्यापेक्षा विचारा, "गुरं कुठवर चारायला नेता? आत्ता निघालो तर दिवस बुडायच्या आत परत येऊ का? टाक्यातलं पाणी तुम्ही पिता का?" पाणी आहे हे एक आणि पिण्याजोगं आहे हे दुसरं, दोन्ही वेगवेगळं विचारावं लागतं. शक्यतो गावातलाच एखादा मामा वाटाड्या म्हणून सोबत घ्या. त्याच्या दिवसभराच्या मजुरीएवढे पैसे तरी निघायच्या आधी ठरवा आणि त्याच्या पाण्याची, भाकरीची सोय आपण करा. चुलीवरचं जेवण हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. ऐनवेळी आठ माणसांच्या भाकरी थापायला सांगणं हा त्या घरातल्या मावशींवर जुलूम आहे.

तिसरा मुक्काम फर्दापूर. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं हे गाव, एमटीडीसीचं पर्यटक निवास इथं आहे, सोयगाव जवळ. या मुक्कामाहून वेताळवाडी आणि वैशागड एका दिवसात होतात. सकाळी लवकर सोयगावमार्गे वेताळवाडी गाठा. हळदा घाटाचा रस्ता किल्ल्याला अगदी खेटून जातो, त्यामुळे चढ फार नाही. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना शरभ कोरलेले आहेत, ते उन्हं तिरपी असताना नीट दिसतात. नंतर घाट चढून उंडणगाव, अंभईकडून जंजाळा गावी जायचं. वैशागड पठाराला लागून आहे आणि घटोत्कच लेणं त्याच्याच कुशीत. वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्यालाही याच वराहदेवाचं लेणं आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अजिंठा बघणार असाल तर हा क्रम फार छान जुळतो.

सुतोंडा बनोटीजवळच्या नायगावचा. डोंगराची धार कापून काढलेल्या खाचेतून त्याचा दरवाजा आहे आणि माथ्यावर टाक्यांची रांग. त्याला स्वतंत्र दिवस लागतो. नवख्या गटानं तो पहिल्या फेरीत घेऊ नये, कारण वाट मोडलेली आहे आणि वाटाड्याशिवाय भरकटायला होतं.

दोन धोक्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिला आग्या मोहोळ. लेण्यांच्या छतांना, दरवाज्यांच्या कमानींना पोळी लटकलेली असतात. अत्तर, फवारे, सिगारेटचा धूर, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून, न ओरडता, आलेल्या वाटेनं लांब जायचं. दुसरा साप. गवतात काठी आपटत चालणं आणि दगडाच्या कपारीत हात न घालणं, यानं बराच धोका टळतो. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा असले उद्योग न करता तो अवयव हलू न देता रुग्णाला लगेच हलवायचं. कन्नड, सिल्लोड, सोयगावला सरकारी रुग्णालयं आहेत, आणि मोठं म्हणजे संभाजीनगरचं घाटी. १०८ ला फोन लावायचा, पण रेंज नसेल तर गाडी आणि चालक पायथ्यालाच थांबलेले हवेत. चालकाला जेवायला तालुक्याला पाठवून देऊ नका. प्रत्येक सकाळी कुठे चाललो आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरच्या एका माणसाला कळवून ठेवा.

स्वतःच्या गाडीनं चाळीसगावकडून येणार-जाणार असाल तर औट्रम घाटाची चौकशी आधी करा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीनं तिथं दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशानं अवजड वाहनांना बंदी आहे. मोठी खासगी बस घेऊन येणाऱ्यांनी पोलिसांकडून सद्यस्थिती समजून घ्यावी.

परतीसाठी संभाजीनगरला माघारी यायची गरज नाही, नान-खलियाचा हट्ट नसेल तर. फर्दापूरहून जळगाव साधारण साठ किलोमीटर आहे आणि तिथं मुंबई, नागपूर, दिल्ली अशा सगळ्या दिशांच्या गाड्या थांबतात. मुंबईच्या गटानं येताना देवगिरीचं आणि जाताना जळगावहून रात्रीच्या गाडीचं आरक्षण केलं तर एकच रस्ता दोनदा होत नाही. क्रूझर मात्र संभाजीनगरची असेल तर रिकाम्या परतीचं भाडं मागते. कन्नड-सिल्लोड भागातल्या चालकाला परतीचं अंतर कमी पडतं, म्हणून गाडी ठरवतानाच "जळगावला सोडायचंय" हे सांगून टाका.